‘लोह द्या, रक्त वाढेल’: ल्युकेमियाच्या मुलांना हे लागू नाही

‘ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेल्या मुलाचं हिमोग्लोबिन कमी असतं ते लोह कमी पडल्यामुळे. लोह-फॉलिक अ‍ॅसिडचं टॉनिक द्या, नुकसान काहीच नाही, रक्तही चढवावं लागणार नाही,’ असा मेसेज पालकांमध्ये फिरतो आहे. त्यातला एकेक दावा पाहू.

‘लोह कमी पडल्यामुळे.’ तांबड्या पेशी अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या मगजात) तयार होतात आणि अक्यूट, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या, ल्युकेमियात ती जागा ब्लास्ट पेशींनी (अपरिपक्व कर्करोगपेशींनी) बळकावलेली असते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. नव्या पेशी येणं थांबलं की हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं, म्हणून फिकटपणा उशिरा लक्षात येतो. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लोहाच्या तपासणीचे कागद हातात घ्या. लोहाच्या कमतरतेत एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) आणि फेरिटिन (साठवलेल्या लोहाची खूण) कमी, प्लेटलेट मात्र नॉर्मल किंवा वाढलेले असतात. ल्युकेमियात एमसीव्ही बहुधा नॉर्मल, रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी) कमी, प्लेटलेट घसरलेले आणि फेरिटिन अनेकदा वाढलेलं. लोह असतं, पण आजारात यकृत हेप्सिडिन हे लोह अडवणारं संप्रेरक जास्त सोडतं आणि लोह साठ्यातच अडकतं. एखाद्या मुलात आधीपासून लोह कमी असू शकतं. ते तपासणीवरूनच ठरवायचं.

‘नुकसान काहीच नाही.’ आहे. पॅक्ड सेलच्या (रक्तातून वेगळ्या केलेल्या तांबड्या पेशींच्या) एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. त्यात टॉनिकची भर कशाला? फॉलिक अ‍ॅसिड तर मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाच्या थेट विरोधात जातं. अमेरिकन डॉक्टर सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये मुलांच्या ल्युकेमियात तात्पुरता उतार आणून दाखवला, तो फॉलिक अ‍ॅसिडला अडवणाऱ्या अमिनोप्टेरिननेच. डॉक्टरांनी फॉलिनिक अ‍ॅसिड (मेथोट्रेक्सेटचा दुष्परिणाम आवरणारं औषध) लिहून दिलं असेल तर ते वेगळं, ते वेळेवर द्यायलाच हवं.

‘रक्त चढवावं लागणार नाही.’ हिमोग्लोबिन साधारण ७ ग्रॅम/डेसिलिटरच्या खाली गेलं किंवा धाप लागली, की लागतं. किलोमागे १० ते १५ मिली पॅक्ड सेल, म्हणजे १५ किलोच्या मुलाला १५० ते २२५ मिली, चार तासांच्या आत. ल्युकोसाइट (पांढऱ्या पेशी) काढलेलं, इरॅडिएट केलेलं (किरणांनी प्रक्रिया केलेलं) रक्त मागा. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर असतील तर डॉक्टर मुद्दाम थांबतात, कारण रक्त आणखी घट्ट होतं.

केमो चालू असताना हिमोग्लोबिन पडलं म्हणजे औषध लागू पडत नाही, असंही नाही. केमो मज्जेलाही दाबते; कोट्रायमोक्साझोल (संसर्ग टाळायला दिलं जाणारं औषध), रक्तस्राव, पार्वोव्हायरस या विषाणूचा संसर्ग ही कारणंही असतात. कोट्रायमोक्साझोलऐवजी डॅप्सोन हे औषध चालू असेल आणि मूल एकाएकी पिवळं पडलं, लघवी गडद तपकिरी झाली, तर पुढचा डोस न देता लगेच वॉर्डला फोन करा: जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्या मुलात तांबड्या पेशी फुटत असू शकतात.