गोठण्याच्या बोअरमध्ये कोणीही उतरलं नव्हतं

गेले काही दिवस कराड-पाटणकडच्या ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्यातला दावा थोडक्यात असा: "2017 साली कोयनेजवळ गोठणे इथं सरकारने तीन किलोमीटर खोल बोअर मारली. तळाशी खडक संपला आणि वास्तवही संपलं. नऊ शास्त्रज्ञ पाळण्यातून खाली उतरले. 'इथं वेळ मागे वाहतेय, आम्हाला आमचीच पाठ दिसतेय', असा शेवटचा निरोप आला. एकही जण परतला नाही. बोअर सील झाली, बातमी दाबली गेली. तेव्हापासून कोयनेत धक्के बसतात." खाली किंकाळ्यांची एक ध्वनिफीत.

माझी मावशी हेळवाकच्या बाजूला राहते. नातवाने तिला हे वाचून दाखवलं आणि रात्री दहा वाजता तिचा फोन आला, "आगं, त्ये भोक बुजवलं का न्हाई आजून?" तिच्या आवाजातली भीती ऐकली आणि हे लिहायला बसले.

मजकुराची बांधणी कथेची आहे. कथा म्हणून ती वाईटही नाही. आपलीच पाठ दिसण्याची कल्पना मला आवडली. पण 'कथा' हा शब्द गळून पडला आहे आणि गावाचं नाव मात्र खरं राहिलं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"नऊ शास्त्रज्ञ पाळण्यातून उतरले." आपल्या शेतातली बोअर साधारण साडेसहा इंची असते. तिच्यात पोहरासुद्धा जात नाही, मोटार सोडावी लागते ती लांबुळकी. खोल वैज्ञानिक बोअर तोंडाशी रुंद असते आणि खाली टप्प्याटप्प्याने अरुंद होत जाते. रशियातल्या कोला द्वीपकल्पावरची जगातली सर्वांत खोल बोअर 12,262 मीटर गेली, तिचा व्यास जेमतेम नऊ इंच. अशा बोअरमध्ये माणूस उतरत नाही. उतरतात त्या नळ्या, खडक फोडणारा बिट आणि तारेला टांगलेली उपकरणं. पाळणा विहिरीत सोडतात, बोअरमध्ये नाही, एवढं तरी आपल्याकडच्या माणसांनी पुढे पाठवण्याआधी आठवायला हवं होतं.

'नऊ' हा आकडा मात्र मला ओळखीचा वाटला. गोठण्याची खोल बोअर 2016-17 मध्ये झाली. तिच्याआधी कोयना-वारणा पट्ट्यात चाचणीसाठी दीड किलोमीटरच्या आसपास खोलीच्या बोअर मारल्या होत्या, त्या नऊ. बहुधा त्यांचीच पुढे नऊ माणसं झाली.

"तळाशी खडक संपला." नाही, खडक बदलला. तोही तळाशी नाही, बराच आधी. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण खरी नवलाची गोष्ट इथेच आहे.

बोअर मारताना आपण चुऱ्याचा रंग बघत उभे राहतो. काळा, मग मध्येच तांबडा पट्टा, पुन्हा काळा. प्रत्येक काळा थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा एक लोट, आणि तांबडा पट्टा म्हणजे दोन लोटांमधल्या निवांत काळात झिजलेली माती. गोठण्याला हे थर सुमारे सव्वा किलोमीटर चालले. त्याखाली थेट ग्रॅनाइट आणि नाइस (उष्णता-दाबाने रूप बदललेला पट्टेदार खडक) लागले, म्हणजे भारतीय द्वीपकल्पाचा पाया. त्याचं वय दोनशे कोटी वर्षांपेक्षा जास्त. मध्ये ना वाळूचा थर, ना गाळाचा. वर हात ठेवला तर साडेसहा कोटी, खाली ठेवला तर दोनशे कोटींच्या पलीकडे, आणि मधली सगळी वर्षं दगडात नोंदलेलीच नाहीत. चाचणीच्या बोअरमधून काढलेले खडकाचे दांडे कराडला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत जपून ठेवले आहेत. वेळ मागे वाहिल्याचा भास कुणाला हवाच असेल, तर तो या सांध्यापाशी होतो.

आणि वास्तवाची कड? पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर. पृथ्वी हापूसएवढी धरली, तर कोलाच्या बोअरनेसुद्धा साल ओलांडलेली नाही. तीन किलोमीटर म्हणजे सालीवरचा ओरखडा. तिथे दर चौरस सेंटीमीटरवर वरच्या खडकाचा आठशे किलोच्या आसपास भार असतो, आणि उष्णता वाढत जाते. कोलाला 12 किलोमीटरवर 180 अंश सेल्सिअस तापमान लागलं, खडक मऊ पडून बिट अडकू लागला आणि काम थांबलं. खोल जाण्याची सीमा आहे, पण ती उष्णतेने घातलेली आहे.

"किंकाळ्यांची ध्वनिफीत." हीसुद्धा जुनीच गोष्ट, फक्त गाव बदललेलं. सैबेरियात बोअर नरकापर्यंत पोचली आणि मायक्रोफोनमध्ये आक्रोश ऐकू आला, ही अफवा 1990च्या सुमारास फिनलंडमधून अमेरिकेतल्या एका धार्मिक दूरचित्रवाहिनीवर पोचली. एका नॉर्वेजियन शिक्षकाने तिच्यात मुद्दाम भर घातली. पुरावा म्हणून त्याने स्थानिक इमारत-निरीक्षकाविषयीच्या साध्या बातमीचा खोटा अनुवाद पाठवला, कोणी तपासतं का हे पाहायला. कोणी तपासलं नाही. त्या अफवेबरोबर पुढे जो आवाज फिरला, तो एका जुन्या भयपटातला निघाला.

"बातमी दाबली." कोयनेच्या या प्रकल्पावर 2011 आणि 2014 मध्ये देशोदेशींच्या शास्त्रज्ञांच्या कार्यशाळा झाल्या आणि निष्कर्ष नियतकालिकांत छापून आले आहेत. हा मुद्दा एवढ्यातच संपतो.

"तेव्हापासून धक्के बसतात." हे वाक्य वाचून मात्र मला राग आला.

11 डिसेंबर 1967. पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं. मावशी तेव्हा चौदा वर्षांची होती. ती सांगते, आधी जमिनीखालून गुरगुर आली, मग भिंत. 6.3 रिश्टरचा तो भूकंप. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली, कोयनानगर बसलं, धरणालाही आडव्या भेगा पडल्या, भिंत नंतर मजबूत करावी लागली. गोठण्याची बोअर याच्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी आली. 1962 मध्ये कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागलं आणि थोड्याच दिवसांत धक्के सुरू झाले. 1985 मध्ये वारणेचं धरण भरू लागलं, त्यानंतर काही वर्षांनी धक्क्यांचा पट्टा तिकडेही सरकला. पाचच्या वरचे धक्के आजवर वीसहून अधिक.

कारणही बरंचसं कळलेलं आहे. आधीच ताणलेल्या भ्रंशांमध्ये, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगांमध्ये, पाणी झिरपतं, फटीतला दाब वाढतो आणि दोन्ही बाजूंची एकमेकांवरची पकड ढिली होते. पावसाळ्यात जलाशय भरला की पुढच्या काही महिन्यांत धक्के वाढतात, हे भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि इतरांनी कित्येक वर्षांच्या नोंदींतून दाखवलं आहे. हे सगळे भूकंप सुमारे तीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद पट्ट्यात होतात, आणि बहुतेक दहा किलोमीटरपेक्षा उथळ. जगात अशा जागा फार थोड्या, जिथं भूकंपाच्या उगमाजवळ उपकरण नेऊन ठेवता येईल. बोअर मारली ती यासाठी.

म्हणजे धक्क्यांमुळे बोअर आली, आणि मजकूर सांगतो बोअरमुळे धक्के आले. नऊ काल्पनिक माणसांसाठी लोक हळहळतात आणि खरोखर गाडली गेलेली घरं त्या मजकुरात कुठेच नाहीत. ज्याने कुणी हे लिहिलं, त्याने मूळ मजकुरावर ठळक 'कथा' लिहावं. ज्यांनी पुढे पाठवलं, त्यांनी त्याच ग्रुपवर तसं सांगावं. अजूनही रात्री भांडी खुळखुळली की अंगणात येऊन बसणारी माणसं या खोऱ्यात आहेत.

मावशीला मी हे सगळं फोनवर सांगितलं, सोपं करून. कोणी उतरलं नव्हतं, नुसती यंत्रं गेली होती. खाली काळा दगड, त्याखाली फार जुना दगड. पुढे सहा किलोमीटरपर्यंत जायचा बेत आहे. ती थोडा वेळ गप्प होती.

"मग म्होरला हादरा कवा, त्ये कळंल का?"

"नाही गं मावशी, अजून नाही. त्याच्यासाठीच चाललंय सगळं."

"मग खणू दे त्यास्नी," ती म्हणाली, आणि नातवाला हाक मारली.