‘अ’ वर्ग मिळाला म्हणून पोस्टातली ठेव मोडू नका

मावशी पोस्टातली ठेव मोडून पैसे पतसंस्थेत ठेवायला निघाली आहे. कारण नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘ज्या पतसंस्थेला ऑडिटमध्ये अ वर्ग, तिथे घोटाळा होऊच शकत नाही. ऑडिटर एकेक नोंद तपासतो. शिवाय पाच लाखांपर्यंत विमा. बिनधास्त ठेवा!’

विम्याचं आधी उरकतो. पाच लाखांचा ठेव विमा बँकेतल्या ठेवींना आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला त्यातला एक रुपयाही लागू नाही.

‘एकेक नोंद तपासतो’ हे लिहिणाऱ्याने ऑडिट कधी पाहिलेलं दिसत नाही. ऑडिटर धोका कुठे जास्त ते ठरवतो आणि तिथले नमुने काढून तपासतो. सगळं तपासायचं तर पुढचं वर्ष संपेल.

आता ‘होऊच शकत नाही’. सनदी लेखापालांच्या संस्थेचं लेखापरीक्षण मानक २४० खास घोटाळ्यांवरच आहे. त्यात स्वच्छ म्हटलंय की घोटाळा रोखण्याची आणि शोधण्याची मुख्य जबाबदारी संचालकांची आणि व्यवस्थापनाची. ऑडिटर वाजवी खात्री देतो, हमी नाही. शिवाय कर्मचाऱ्याच्या अफरातफरीपेक्षा वरच्यांनी केलेला घोटाळा नजरेतून सुटण्याची शक्यता जास्त, हेही तेच मानक सांगतं. उघड आहे. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची, ही अंतर्गत नियंत्रणं कॅशियरला अडवतात. त्या दोघांनाही हुकूम देणाऱ्या साहेबाला कोण अडवणार? कुंपणच शेत खातं तेव्हा कुंपण मजबूत असून काय उपयोग?

पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक विसरलात? सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि पहिल्या दिवशी खातेदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. बँकेचं ऑडिट दरवर्षी होत होतं. तरी एचडीआयएल या बिल्डर समूहाची थकलेली कर्जं झाकायला २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली. व्यवस्थापकीय संचालकांनीच रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं की वेळेअभावी ऑडिटर फक्त वाढीव, म्हणजे नव्याने भर पडलेली कर्जं तपासत, सगळ्या खात्यांचे व्यवहार नाहीत. म्हणजे ऑडिटर कुठे बघत नाहीत हे आतल्यांना पक्कं ठाऊक होतं!

यातून ऑडिटर सुटतात असं मात्र नाही. वरिष्ठच ही नियंत्रणं डावलतील हा धोका प्रत्येक ऑडिटमध्ये धरून चालायचा, वर्षअखेरच्या जर्नल नोंदी, म्हणजे हिशेबात केलेल्या फेरफाराच्या नोंदी, उकरायच्या, चमत्कारिक व्यवहारांचं कारण विचारायचं, हे त्याच मानकात आहे. पीएमसी प्रकरणात मुंबई पोलिसांनी ऑडिटरनाही अटक केली होती.

बरं, एवढं मान्य करतो: ‘अ’ वर्ग अगदीच फुकट मिळत नाही. हिशेब वेळेवर, कागदपत्रं जागेवर, वसुली बरी, असं काहीतरी त्यातून कळतं. पण ते सरलेल्या वर्षाबद्दल, आणि ऑडिटरला जे दाखवलं गेलं त्याबद्दल.

तेव्हा मावशी, वर्गाचं अक्षर राहू दे. सभासद आहेस, तर ऑडिट अहवालाचा तपशील आणि दोषदुरुस्ती अहवाल (ऑडिटमध्ये निघालेल्या चुका संस्थेने कशा सुधारल्या त्याचा) माग. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलंय, त्यातलं किती थकलंय, ते विचार. ‘कशाला हवंय ताई तुम्हाला हे सगळं?’ असं उत्तर आलं, तर पोस्टातली ठेव आहे तिथेच ठेव. आणि तो मेसेज कुणी पाठवला ते मला कळव.