दिंडोरीचा निकाल कांद्याच्या तारखा लावून वाचा

२०२४ च्या लोकसभेला नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीतून राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे भास्कर भगरे सर निवडून आले, आणि 'लाट होती', 'जातीचं गणित जमलं' एवढं बोलून अनेकांनी विषय मिटवला. मला ते अजिबात पटत नाही.

सरांचा पेशा शिक्षकाचा. समोर भाजपच्या डॉ. भारती पवार, तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री, २०१९ ला जवळपास दोन लाखांनी आलेल्या. नांदगाव, चांदवड, येवला, निफाड, कळवण, दिंडोरी, सहाही आमदार महायुतीचे. तरी सर १,१३,१९९ मतांनी जिंकले.

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून स्वस्तात बाहेर पाठवता येत नाही) आलं आणि ८ डिसेंबरपासून थेट बंदी. उन्हाळ कांदा कांदाचाळीत चार-पाच महिने टिकतो, भाव पडला तर थांबता येतं. डिसेंबरात मात्र लाल कांदा येतो. त्यात पाणी जास्त; ठेवला की कोंब फुटतात नाहीतर सडतो. तो मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. लासलगावला चार हजारांच्या आसपास असलेला क्विंटल डिसेंबरातच दोन हजारांखाली आला. वीस क्विंटलच्या ट्रॉलीमागे चाळीस हजार गेले, तेही खत-औषधाची उधारी फेडायच्या वेळी.

यात फक्त जमीनवाला बुडत नाही. रोप उपटणं, लागवड, निंदणी, काढणी, पात कापणं, गोण्या भरणं, सगळं हाताचं काम. सुरगाणा-पेठकडच्या बाया-माणसांच्या मजूर टोळ्या त्यावर जगतात. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला नाही की मजुरी रखडते आणि पुढची लागवड कमी होते. त्या बायांना निर्यातबंदी कोणी समजावून सांगावी लागली नाही.

एप्रिलअखेर गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, नाशिकचा कांदा तसाच अडकलेला. हे फार लागलं लोकांना. ४ मे रोजी बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान मूल्याची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. मतदान २० मे. लाल कांदा तोवर मातीमोल विकून झाला होता.

माकपच्या जे. पी. गावितांनी अर्ज मागे घेतला, त्याचाही वाटा मोठा. २०१९ ला त्यांना लाखाहून जास्त मतं होती.

आणि एक गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी. सरांच्या पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', तर भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला मिळालेल्या चिन्हाचं मराठी नाव नुसतं 'तुतारी'. प्रचारात सगळे 'तुतारी, तुतारी' म्हणत होते. यंत्रावर अपक्षांची नावं पक्षांच्या उमेदवारांनंतर येतात. वाचता न येणारा माणूस चित्र शोधत खाली गेला की चुकायची शक्यता वाढते. त्या अपक्षाला १,०३,६३२ मतं पडली. यातली बरीच चुकून गेली असं माझं ठाम मत आहे. पुढे पक्षाने ते चिन्ह गोठवायची मागणी केली, पण विधानसभेलाही ते यादीत राहिलंच. बूथवरच्या कार्यकर्त्याने चिन्हाचं नाव सांगून भागत नाही, नमुना मतपत्रिका घेऊन घरोघरी बोट ठेवून दाखवावं लागतं.

सप्टेंबरात किमान निर्यातमूल्य हटलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, लाडकी बहीणचे महिन्याचे दीड हजार तर ऑगस्टपासूनच खात्यात पडू लागले होते. नोव्हेंबरात विधानसभेला याच गावांनी सहाही जागा पुन्हा महायुतीला दिल्या, कळवणला खुद्द गावित पडले. मे महिन्यात ज्यांना शहाणे म्हटलं, त्यांनाच नोव्हेंबरात विकले गेलेले म्हणणाऱ्यांनी मधल्या सहा महिन्यांत कांद्याच्या धोरणात काय बदललं ते आधी बघावं.