अख्खा ईएमआय खर्चात जात नाही, दादा

नमस्कार दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की 'फक्त टॅक्स वाचवायला गाडी घेऊ नका' असं माझ्या लेखात लिहून मी कॉन्ट्रॅक्टवाल्या पोरांना उगाच घाबरवतोय, टॅक्सच्या हिशोबात गाडीचा अख्खा ईएमआय खर्चात टाकता येतो आणि म्हापशाचा तुमचा कमिशनवर काम करणारा मित्र तसंच करतो.

आधी ईएमआयचं बघू. ६ लाखांचं लोन, ९ टक्के, ५ वर्षं धरा. हप्ता साधारण १२,४५५ म्हणजे वर्षाचे जवळपास दीड लाख, पण त्यात पहिल्या वर्षी व्याज ५० हजारांच्या आसपासच असतं, बाकी सगळं मुद्दल आणि मुद्दल हा खर्च नाही. गाडीच्या किमतीचा फायदा मिळतो तो घसाऱ्यातून, म्हणजे किमतीचा थोडा थोडा भाग दरवर्षी खर्च धरण्यातून, वर्षाला १५ टक्के, तोही ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर गाडी घेतली तर त्या वर्षी निम्माच. म्हणजे ८ लाखांची गाडी मार्चमध्ये घेतली तर घसारा ६० हजार, आणि घरच्या कामाला पण तीच वापरत असाल तर त्यातूनही तेवढा भाग कापायचा.

आता माझ्यासारखे वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत फी घेऊन काम करणारे इंजिनियर, आमच्यातले बरेच जण ४४एडीएमध्ये, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ठोक नफ्याच्या कलमाखाली, रिटर्न भरतात. त्यात आलेल्या पैशाचं निम्मं उत्पन्न धरतात आणि खर्च, घसारा सगळं उरलेल्या निम्म्यात आलंच असं मानतात, वेगळं काही मागता येत नाही. २० लाख आले तर उत्पन्न १० लाख, आणि दुसरं उत्पन्न नसेल तर २०२५-२६ मध्ये नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य. मग गाडी घेऊन वाचवायचं काय? निम्म्याहून कमी नफा दाखवायचा म्हटलं तर हिशोबाच्या वह्या आणि ऑडिट मागे लागतं, ती फी वेगळी.

आणि ज्यांना पैसे पगार म्हणून येतात, फॉर्म १६ मिळतो, त्यांनी कॉन्ट्रॅक्टवर असले तरी हे सगळं विसरा, त्यांना नव्या पद्धतीत ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन, गाडीचा खर्च नाही.

माझ्या एका सहकाऱ्याने मार्चमध्ये टॅक्ससाठी म्हणून गाडी घेतली आणि जूनमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. त्याचा हप्ता अजून चालू आहे आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, तो लेख मी त्याच्यामुळेच लिहिला.

पण तुमच्या मित्राबद्दल तुम्ही बरोबर बोललात, तिथे माझा लेख अपुरा होता. कमिशनच्या उत्पन्नाला ठोक नफ्याची ती सोय नाही, त्याला खरे खर्चच दाखवावे लागतात, म्हणून व्याज, घसारा, पेट्रोल, इन्शुरन्स, दुरुस्ती हे सगळं कामाच्या वापराच्या प्रमाणात त्याच्या उपयोगाचं आहे. पण तो मुद्दलही खर्चात टाकत असेल तर ते आजच थांबवायला सांगा. किलोमीटरची वही ठेवायला सांगा, म्हापशाहून कुठे गेला, कोणाकडे गेला, तारखेसकट. शोरूमला दिवसाला १० हजारांच्या वर रोख दिलं असेल तर ती रक्कम किमतीत धरली जात नाही, हेही त्याला विचारून बघा. जीएसटी नंबर असला तरी अशा साध्या कारवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही.

कमिशनवाल्यांचा वेगळा भाग मी आज रात्रीच मूळ लेखात घालतो. त्याचे खरे आकडे पाठवलेत तर तेच उदाहरण घेतो, नाव घालणार नाही.