युद्ध थांबलं खरं, पण जिंकलं कोण?

कुठे शस्त्रसंधी झाली की तासाभरात पोस्टी सुरू: कोण जिंकलं? दोन्हीकडचे लोक छाती पुढे काढून तयारच असतात. मला विचाराल तर युद्ध थांबणं हा विजय नव्हेच. बहुतेक वेळा ती उशिरा सुचलेली अक्कल असते. सुचली याचा आनंद आहे, हारतुरे कशाला?

इराण-इराकचंच बघा. शत्त-अल-अरब नदीतल्या सीमेचा १९७५चा करार इराकचा हुकूमशहा सद्दाम याने १९८० मध्ये फेकून दिला आणि इराणवर हल्ला केला. मे १९८२ मध्ये इराणने इराकने बळकावलेलं आपलं खोर्रमशहर हे शहर परत घेतलं, इराकी फौजा मागे सरल्या, सद्दाम युद्धबंदी मागू लागला. तिथेच थांबता आलं असतं. पण आता इराणला चेव चढला होता, तो उलटा इराकमध्ये घुसला. मग आणखी सहा वर्षं खंदक, विषारी वायू, आघाडीवर मिसरूडही न फुटलेली पोरं. ऑगस्ट १९८८ मध्ये तोफा थंडावल्या तेव्हा सीमा जवळपास होती तिथेच. युद्धबंदी मान्य करणं म्हणजे विषाचा प्याला पिणं, असं खुद्द इराणचे सर्वोच्च नेते खोमेनी म्हणाले. सद्दामने मात्र बगदादमध्ये भल्यामोठ्या तलवारींची विजयकमान उभारली. आणि १९९० मध्ये कुवेत गिळल्यावर इराणची बाजू शांत ठेवायला तोच १९७५चा करार मुकाट्याने पुन्हा मान्य केला! कमान कसली साजरी करत होती, हे तिच्याखालून संचलन करणाऱ्यांनाच ठाऊक.

"मग हिटलरशी लढायचंच नव्हतं का?" असं कुणीतरी विचारणारच. लढायचंच होतं. १९४५ला मी विजय म्हणेन, कारण तिथे हल्ला करणारी राजवटच संपली. नुसत्या बंदुका थांबल्या म्हणून नव्हे.

बंदुका थांबतात कशा, तेही बघा. पहिल्या महायुद्धाचा शेवट, ११ नोव्हेंबर १९१८: पहाटे पाचच्या सुमारास शस्त्रसंधीवर सह्या झाल्या, अंमल मात्र अकरापासून. मधल्या सहा तासांतही माणसं मरतच होती. हेन्री गुंथर हा अमेरिकन सैनिक १०:५९ला जर्मन मशिनगनच्या दिशेने धावत सुटला. समोरचे जर्मन हात हलवून त्याला मागे फिर म्हणत होते. तो फिरला नाही. त्याआधी त्याचं सार्जंटपद काढून घेतलं होतं, ते मेल्यावर परत मिळालं.

पहिल्या महायुद्धात 'जिंकलेल्यांच्या' बाजूचा होता तो.

१९७३ मध्ये व्हिएतनाम युद्ध थांबवण्याच्या कराराबद्दल अमेरिकेचे किसिंजर आणि उत्तर व्हिएतनामचे ले डुक थो यांना शांततेचं नोबेल जाहीर झालं. थो यांनी ते नाकारलं. म्हणाले, शांतता अजून आलेलीच नाही. लढाई पुढे एप्रिल १९७५ पर्यंत चालली. चालू ठेवणाऱ्यांत त्यांचीही बाजू होती, म्हणजे नकारही काही अगदी सोवळा नव्हता. पण निदान कमान तरी नाही बांधली.