हो, मी बसनेच फिरले!

आज मामाकडे सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा हातात असतानाच मामेभाऊ, आमचा दादा, सगळ्यांदेखत म्हणाला, "आम्ही व्हिएतनामला गेलो तर ही विचारत होती, बस कुठली पकडली! अरे, कंडक्टरची मुलगी ना, तिकीट फाडल्याशिवाय प्रवास झालासा वाटत नाही तिला." सगळे हसले. मीही हसले. शिरा गिळला, घरी आले आणि आता रात्री साडेअकराला टाइप करत बसलेय, कारण झोप येत नाहीये.

तर हो. २०२४ च्या मार्चमध्ये मी आणि माझी मैत्रीण, दोघी पन्नाशीच्या, व्हिएतनाममध्ये अकरा दिवस बसने, रेल्वेने आणि सायकलने फिरलो. पैसे कमी होते म्हणून. यात लपवायचं काय आहे?

हनोईच्या विमानतळावर उतरलो तेव्हा टॅक्सीवाले तीन लाख सांगत होते. घाबरू नका, तीन लाख डोंग. तेव्हाच्या भावाने आपले हजारेक रुपये. बाहेर नारिंगी रंगाची ८६ नंबरची बस उभी होती, ती थेट हनोई रेल्वे स्टेशनपर्यंत जाते. माणशी ४५ हजार डोंग, म्हणजे दीडशे रुपये. दोघींचे ९० हजार. कंडक्टर विशी-बाविशीचा पोरगा. मी ऐटीत चार निळ्या नोटा आणि एक दहा हजाराची काढून दिली. बाबांची शिकवण, बसमध्ये चढताना सुट्टे हातात हवेत. पोराने नोटा मोजल्या, थांबला, आणि एक निळी नोट माझ्या डोळ्यांसमोर धरून मान हलवायला लागला. मला वाटलं नोट खराब आहे. प्लास्टिकची नोट, खराब काय होणार! मग त्याने बोटाने शून्यं मोजून दाखवली. मी वीस हजाराची समजून पाच लाखाची नोट दिली होती. दोन्ही निळ्या, दोन्हींवर त्यांचे नेते हो ची मिन्ह यांचं चित्र. सत्तर रुपयांच्या जागी सोळाशे-सतराशे रुपये. पोराने ती नोट माझ्या पर्समध्ये स्वतः कोंबली, वीस हजाराची मागून घेतली आणि पुढच्या सीटकडे गेला.

दादा, तुझ्या एसी गाडीत हे झालं असतं का? तुला तर नोटेला हात लावायची गरजच पडली नाही. सहा दिवस गाइडच्या झेंड्यामागे चाललास, दोन्ही वेळा पनीर खाल्लंस आणि आल्यावर म्हणतोस, "लोक काही खास नाहीत तिथले." भेटलास कुणाला? हॉटेलच्या रिसेप्शनवर?

बरं, मान्य. गुडघे दुखणाऱ्यांनी, म्हाताऱ्या आईला घेऊन जाणाऱ्यांनी पॅकेजच घ्यावं. आणि 'हा लाँग बे', म्हणजे खडकाळ बेटांचा तो उपसागर, आम्हीही एका दिवसाच्या टूरनेच केला, कारण ते आपलं आपण करायला गेलं तर पैसे वाचत नाहीत, वर डोकं फिरतं. झालं समाधान?

पण हनोई ते ह्युए (देशाच्या मधल्या भागातलं शहर) आम्ही रात्रीच्या रेल्वेने गेलो. हार्ड स्लीपर, एका खणात सहा बर्थ, सगळ्यात वरचा सगळ्यात स्वस्त. का स्वस्त ते वर चढल्यावर कळतं, उठून बसताच येत नाही. नाव हार्ड असलं तरी पातळ गादी असते. एका रात्रीचं हॉटेल वाचलं. ही हनोई-सायगाव (आताचं हो ची मिन्ह सिटी) लाइन १,७२६ किलोमीटरची, मीटरगेज. १९३६ मध्ये पूर्ण झाली, १९५४ मध्ये देशाबरोबर तिचेही दोन तुकडे झाले, १९७६ मध्ये पुन्हा जोडली. ह्युए ते दा नांग अडीच-तीन तास, हाय व्हान घाटात गाडी डोंगराला घासून जाते आणि डावीकडे खाली समुद्र. समोरच्या आजींनी विचारलंही नाही, सोललेला पोमेलो, आपलं पपनस, हातात ठेवला. (शाकाहारींसाठी: पाटीवर 'chay' (उच्चार 'चाय') हा शब्द दिसला की ते चहाचं दुकान नाही, शाकाहारी खानावळ आहे. आम्ही पहिल्या दिवशी आत जाऊन चहा मागितला. नुसत्या भाज्या म्हणून कुठेही खाऊ नका, माशांचा सॉस पडलेला असतो.)

मला खरं लागलंय ते बसचं नाही. "कंडक्टरची मुलगी" हे ज्या सुरात म्हटलं ना, ते. ह्याच दादाच्या दहावीच्या सुट्टीत बाबांनी त्याला एसटीतून अख्खं कोकण दाखवलं होतं. बाबा सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायचे आणि उतरताना माणूस विसरला तर खाली उतरून हाका मारत त्याच्यामागे जायचे. चार आण्यांसाठी. ड्रायव्हर वैतागायचा. ८६ नंबरच्या त्या पोराने नोट परत दिली तेव्हा मला दुसरं कुणी आठवणार होतं का?

असो. लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. दादा वाईट नाही, बोलून जातो. उद्या त्याचा फोन येईल आणि मी घेईन.

त्या बसचं तिकीट मी जपून आणलं होतं, पातळ कागदाचं चिटोरं. बाबांना दिलं आणि नोटेची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. वाटलं, म्हातारा गहिवरेल. ते चष्मा लावून तिकीट उलटंपालटं करत म्हणाले, "त्यात काय एवढं? हिशोबात कॅश जास्त निघाली तरी पहिला कंडक्टरच अडकतो. शहाणा आहे पोरगा."

मग तिकिटाची नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.