शिवराक लिपस्टिक कशी ओळखावी

श्रावण लागला की गोव्यातल्या कितीतरी हिंदू घरांत नुस्त्याची (मासळीची) विळी धुऊन माळ्यावर जाते. तवा वेगळा, पातेली वेगळी, फ्रिज पुसलेला. थेट चवथीपर्यंत घर शिवराक, म्हणजे शाकाहारी. अशा कडक घरातली लेक सोमवारी देवळात जायला निघते, तेव्हा ओठांवर जो लाल रंग चढवते तो निवडुंगावर पोसलेल्या किड्यांचा असू शकतो. एक पौंड रंगाला साधारण ७०,००० किडे लागतात. पण ओठांवरचं कुणी मोजत नाही, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. सौंदर्यप्रसाधनांचा ब्रँड क्रुएल्टी-फ्री आणि व्हीगन आहे याची खात्री डोक्याला अजिबात ताप न देता करून घेता येते. कशी, ते पुढे दिलं आहे.

सुरुवात शब्दांपासून करा, म्हणजे ते दोन्ही एकच समजा. क्रुएल्टी-फ्री म्हणजे प्राण्यांवर चाचणी केलेली नाही. व्हीगन म्हणजे मालात प्राण्यांपासून आलेलं काही नाही. मधमाशांच्या मेणाचा लिपबाम पहिल्या परीक्षेत पास होतो आणि दुसरीत नापास. उलट, निव्वळ वनस्पतींची क्रीम व्हीगन असूनही सशाच्या डोळ्यात घालून तपासलेली असू शकते. (ही ड्रेझ चाचणी १९४४ सालची, ससाही तेव्हापासूनचाच.) एवढा फरक लक्षात ठेवलात तर दुकानात दोनदा विचार करावा लागेल, म्हणून न ठेवणंच बरं.

आता डबीवर ससा शोधा. कुठलाही चालेल. उडी मारणारा, बसलेला, नुसते कान असलेला, पानांच्या वर्तुळात कोंबलेला. उडी मारणाऱ्या सशाचा 'लीपिंग बनी' कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. त्यात ब्रँडला एक तारीख ठरवून द्यावी लागते आणि त्या तारखेनंतर तयार माल, कच्चा माल, पुरवठादार यांपैकी कुणीच प्राण्यांवर चाचणी केलेली चालत नाही. दरवर्षी हमी नव्याने द्यावी लागते आणि बाहेरच्या तपासणीला दार उघडं ठेवावं लागतं. पेटा या प्राणिहक्क संस्थेची यादी मुख्यतः कंपनीने भरून दिलेल्या प्रश्नावलीवर आणि सही केलेल्या हमीवर चालते. त्यांच्याकडे नुसता 'चाचणीमुक्त' आणि 'चाचणीमुक्त व व्हीगन' असे दोन वेगळे शिक्के आहेत. तिसरा ससा छापखान्यातला. त्याला तारीख नाही, तपासणी नाही, फक्त शाई लागते. अमेरिकेत तर 'क्रुएल्टी-फ्री' या शब्दाला कायद्यात व्याख्याच नाही. तेव्हा तिन्ही सशांना सारखाच मान द्या. मोबाइल काढून त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ब्रँडचं नाव शोधायला दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात दुकानातला पंखा तुमच्यावरून वळून जाईल. शिवाय शोधलंत तर आणखी एक घोळ कळेल: चिन्ह वापरायला वेगळं शुल्क पडतं, म्हणून काही प्रमाणित ब्रँड ते छापतच नाहीत. म्हणजे ससा असलेला खोटा आणि ससा नसलेला खरा असू शकतो. असलं ज्ञान कुणाला हवंय?

'भारतात प्राण्यांवर चाचणी नाही' असं ठळक छापलेलं दिसलं तर मात्र डोळे भरून येऊ द्या. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ सालीच बंदी आली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तसा तपासलेला माल आयात करायलाही. म्हणजे ही ओळ छापणारी कंपनी एवढंच सांगते की आम्ही गुन्हा करत नाही. गोव्याच्या सरकारी कदंब बसवर 'चालकाकडे परवाना आहे' असं लिहावं, तसं हे. ती कंपनी बाकी कुठल्या देशांत माल विकते, हे मात्र विचारू नका. चीनमध्ये आयात होणाऱ्या साध्या प्रसाधनांना मे २०२१पासून अटींवर प्राणिचाचणीतून सूट मिळाली. केसांचा रंग, सनस्क्रीन आणि गोरेपणाची क्रीम तिथे विशेष गटात मोडतात आणि त्यांना ती सवलत नाही. एकाच ब्रँडची लिपस्टिक निर्दोष आणि सनस्क्रीन संशयित, अशी ही गंमत.

सनस्क्रीनचा विषय निघालाच आहे, तर कळंगुटच्या वाळूवर अंगाला चोपडायच्या बाटलीबद्दलही निश्चिंत राहा. युरोपात प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांच्या विक्रीवर २०१३पासून बंदी आहे. त्याच युरोपात रसायनांचा वेगळा कायदा आहे, आणि त्याखाली होमोसॅलेट आणि एथिलहेक्सिल सॅलिसिलेट या ऊन अडवणाऱ्या दोन घटकांच्या चाचण्या प्राण्यांवर मागितल्या गेल्या. कारण दिलं कारखान्यातल्या कामगारांच्या सुरक्षेचं. ते बनवणारी कंपनी कोर्टात गेली आणि २०२३मध्ये हरली. उजव्या हाताने बंदी, डाव्या हाताने मागणी.

यापुढे हिरवा ठिपका. साबण, शाम्पू, टूथपेस्टवर हिरवा किंवा तपकिरी ठिपका लावायची तरतूद २०१४ साली आली, पण व्यवहारात कुणी लावतं, कुणी लावत नाही. ठिपका दिसला की 'व्हीगन' म्हणा आणि पुढे चला. खाद्यपदार्थांच्या नियमांत हिरव्या ठिपक्याला दूध चालतं, मध चालतो, मधमाशांचं मेण चालतं आणि लाखही चालते, ही माहिती श्रावण संपेपर्यंत झाकून ठेवा. पंचगव्याचा साबण शंभर टक्के शाकाहारी आणि शून्य टक्के व्हीगन असतो, हे तर शेजारच्या काकूंना चुकूनही सांगू नका. एखाद्या लिपबामवर सरकारी व्हीगन चिन्ह दिसलं तर अधिकच भारावून जा. ते चिन्ह २०२२च्या नियमांनी फक्त खाण्याच्या वस्तूंना दिलं आहे. अर्थात लिपबाम शेवटी पोटातच जातो म्हणा.

एवढं करूनही एखाद्याला घटकांची यादी वाचायची खाज सुटतेच. त्यावर कायद्यानेच औषध देऊन ठेवलं आहे. आपल्या नियमांत ३० ग्रॅमपेक्षा कमी घट्ट आणि ६० मिलीपेक्षा कमी पातळ मालाच्या पाकिटावर यादी छापण्यातून सूट आहे. लिपस्टिक भरते जेमतेम साडेतीन-चार ग्रॅम, काजळाची कांडी त्याहून हलकी. हॉटेलच्या न्हाणीघरातल्या त्या गोंडस बाटल्याही सुटल्या. जे थेट ओठांवर नि डोळ्यांत जातं त्याचीच यादी नसली तरी चालते. यापेक्षा सुखाची सोय कोणती?

तरीही यादी छापलेली असलीच, तर ती अशी वाचावी, म्हणजे वाचू नये. एक टक्क्याच्या वरचे घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने येतात, त्याखालचे कसेही, आणि रंग बहुधा शेवटी 'असू शकतात' या शब्दांमागे दडतात. तिथेच सीआय ७५४७० बसलेला असतो (सीआय म्हणजे रंगांच्या यादीतला क्रमांक). हा कार्माइन, निवडुंगावरचा किडा. लाल, गुलाबी, वाइन छटांत तो हमखास शोधावा. त्याच ब्रँडच्या तपकिरी छटेत बहुधा लोहाचे ऑक्साइड असतात: ७७४९१, ७७४९२, ७७४९९. लाल हवाच असेल तर १५८५० हा प्रयोगशाळेतला रंग आहे. म्हणजे 'हा ब्रँड व्हीगन आहे का' हा प्रश्न अनेकदा चुकीचा असतो, 'ही छटा व्हीगन आहे का' असं विचारावं लागतं. पण पणजीच्या अठरा जून रस्त्यावरच्या दुकानात आठ छटा मनगटावर ओढून झाल्यावर एवढा धीर कुणाला उरतो? नखांच्या चमचमत्या पॉलिशमध्ये ७५१७० आढळला तर तो गुआनीन, माशाच्या खवल्यांची चमक. श्रावणात बांगडा ताटातून गेला तो बोटांवर आला, एवढंच.

यादीतल्या लॅटिन नावांकडे आदराने पाहावं. सेरा अल्बा म्हणजे मधमाशांचं मेण. मेल म्हणजे मध. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीचं तेल. आणि 'लॅक' दिसलं की मराठी माणूस लाख समजून मोकळा होतो. ते असतं दूध. खरी लाख 'शेलॅक' नावाने येते. आपला जुना अळताही त्याच लाखेच्या किड्याचा, त्यामुळे परंपरेची साक्ष काढताना जरा जपून.

काही नावं मात्र अशी मुरलेली असतात की ती वाचून शहाण्यालाही काही कळत नाही. स्टिअरिक आम्ल पामचं की चरबीचं? ग्लिसरीन कशाचं? स्क्वालेन ऑलिव्हचं, उसाचं की शार्कच्या यकृताचं? नाव एकच, उगम तीन. हे फक्त पुरवठादाराचा कागद सांगू शकतो. साबणावर त्यामानाने प्रामाणिकपणा असतो: सोडियम कोकोएट म्हणजे खोबरेल, सोडियम पामेट म्हणजे पाम, सोडियम टॅलोएट म्हणजे चरबी. तीन शब्द पाठ करायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून कुणी करत नाही.

हणजुणेच्या बाजारात तागाच्या सुतळीत बांधलेला साबण दिसला तर काहीही न विचारता घ्या. तो 'नैसर्गिक' असतो. बकरीचं दूध नैसर्गिक, मध नैसर्गिक, चरबीही नैसर्गिकच. अनेक ठिकाणी साबणाचा तयार बेस घाऊक आणतात, वितळवतात, वर जास्वंदीची पाकळी टाकतात. बेस कशाचा, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याला बेसच्या पोत्यावरची चिठ्ठी दाखवायला सांगितलीत तर त्याचा चेहरा पडेल आणि तुमची सुट्टी बिघडेल. त्यापेक्षा घरी आजीने भेगांना लावायला ठेवलेला भिरंडेलाचा (कोकमाच्या तेलाचा) गोळा अडगळीत टाका. त्यावर ससा नाही.

ब्रशचं नाव तर कुणी काढतच नाही. लग्नाच्या मेकअपवालीकडे 'अस्सल केसांचा' ब्रश असेल तर ते केस बकरीचे किंवा खारीचे असू शकतात, आणि नकली पापण्या मिंक नावाच्या केसाळ प्राण्याच्या. एक केस उपटून काडीवर धरला की उलगडा होतो: जळक्या केसाचा वास आला आणि राख चुरली तर प्राण्याचा, वितळून टोकाला मणी झाला तर नायलॉन. मुहूर्ताला पंधरा मिनिटं उरली असताना हा प्रयोग अवश्य करावा.

शेवटचा उपाय म्हणजे कंपनीला पत्र. त्यात मोघम विचारा: 'आपण प्राण्यांवर प्रेम करता का?' उत्तर होकारार्थी येईल. तयार माल, घटक, पुरवठादार, तुमच्या वतीने चाचणी करणारे तिसरे पक्ष आणि कायद्याने मागणारी सरकारं, अशा पाच जागा वेगवेगळ्या लिहून प्रत्येकीपुढे हो किंवा नाही मागू नका. कुठल्या तारखेपासून, तेही नको. नाहीतर 'आम्ही प्राण्यांवर चाचणी करत नाही, कायद्याने आवश्यक असेल तेथे सोडून' असं वाक्य येतं, आणि त्यातला स्वल्पविराम वाचायची पाळी तुमच्यावर येते. 'आमच्या तयार मालाची चाचणी होत नाही' असं आलं, तर घटकांचं काय, हे पुन्हा विचारावं लागतं. मालक कंपनी कोण, हे तर विचारूच नका. द बॉडी शॉप २००६मध्ये लॉरेआलने घेतली तेव्हा दुकानातले साबण तेच होते, भांडण मात्र पैसा कुणाच्या खिशात जातो यावर पेटलं. तुमच्या घरात असं भांडण नको असेल तर डबी पालथी करू नये.

आणि कुणी फारच चिकित्सक भेटला, 'आमच्या चाचण्या प्राण्यांविना' अशी ग्वाही मागू लागला, तर त्याला मान्यताप्राप्त पर्यायी चाचण्यांमधली एक सांगा: डोळ्याची जळजळ मोजायला कत्तलखान्यातून आणलेल्या गायीच्या डोळ्याचा पारदर्शक पडदा वापरतात. जिवंत ससा वाचतो, हे खरंच. बाकी चर्चा जेवणानंतर.

जेवण अर्थात शिवराक. खतखतं, मुगागाठी, वालीची भाजी, आणि शेवटी सोलकढीचा पेला, ज्याच्या काठावर ७५४७० क्रमांकाची अर्धी चंद्रकोर उमटलेली. उरलेली अर्धी कढीबरोबर पोटात.